पडद्यावर पित्ताशय नव्हतंच: येलच्या सोळा रेसिडेंटांचं प्रकरण

पित्ताशय काढायचा सराव ज्या यंत्रावर करायचा होता, त्या यंत्रात पित्ताशयच नव्हतं. यकृत नव्हतं, चरबी नव्हती, रक्ताचा थेंब नव्हता. पडद्यावर तरंगणारा एक गोळा, आणि गोळ्याच्या अंगावर उगवणारे चिमुकले चौकोनी ठोकळे. एका हातातल्या चिमट्याने गोळा धरायचा, चौकटीच्या आत हलू न देता ठेवायचा, दुसऱ्या हातातल्या कॉटरीचं, म्हणजे विजेने जाळणाऱ्या अवजाराचं, टोक ठोकळ्याला टेकवायचं आणि पायाखालचं पेडल दाबायचं. ठोकळा जळून नाहीसा. मग पुढचा. टोक नीट टेकायच्या आत पेडल दाबलं तर चूक, गोळा चौकटीबाहेर सरकला तर चूक. एक फेरी झाली की हात बदलून पुन्हा तेच.

यंत्राचं नाव मिस्ट-व्हीआर, नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेलं. आजच्या शाळकरी पोरांच्या मोबाइलवरचे खेळ त्यापेक्षा कितीतरी देखणे असतात. पण अमेरिकेतल्या येल विद्यापीठात या खेळण्यावर तयार झालेल्या आठ रेसिडेंटांनी, म्हणजे शिकाऊ सर्जनांनी, खऱ्या माणसाच्या पोटातलं खरं पित्ताशय सोडवलं, तेव्हा यंत्राला हात न लावलेल्या आठ जणांच्या मानाने त्यांच्या चुका सहापटीने कमी भरल्या. २००२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सर्जिकल असोसिएशनच्या वार्षिक सभेत हे मांडलं गेलं आणि त्याच वर्षी 'ॲनल्स ऑफ सर्जरी'मध्ये छापून आलं.

मी हे प्रकरण आमच्या रेसिडेंटांना शिकवतो. दर वर्षी पहिला प्रश्न ठरलेला: "सर, ते मशीन कितीला मिळतं?" आणि दर वर्षी मला वाटतं, मी नीट शिकवलं नाही. म्हणून या वेळी लिहून काढतोय.

वल्हं आणि एक डोळा

उघड्या पोटाचं ऑपरेशन शिकलेला माणूस दुर्बिणीच्या ऑपरेशनला पहिल्यांदा उभा राहिला की का अडखळतो, हे आधी बघू.

पोटाच्या भिंतीत पाच किंवा दहा मिलिमीटरची भोकं असतात. त्यातून फूटभर लांबीची अवजारं आत जातात. भोक हा टेकू. मूठ डावीकडे नेली की आतलं टोक उजवीकडे जातं, मूठ खाली दाबली की टोक वर उठतं. होडीत वल्हं मारणाऱ्याला हे जन्माचं माहीत असतं, सर्जनला नसतं. त्यात भर म्हणजे अवजार जितकं आत, तितका टोकाचा फेरा मोठा. बाहेर ओढलं की लहान. मनगटाची तीच हालचाल दर वेळी वेगळा परिणाम देते.

दुसरी अडचण खोलीची. पडदा सपाट आहे. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल. तिसरी अडचण स्पर्शाची. बोटांना ऊतकाचा मऊपणा, ताण, नाडीचे ठोके हे सगळं कळतं. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बोटांना त्यातलं फारच थोडं पोचतं. आणि चौथी, जिच्याबद्दल कमी बोललं जातं: डोळे आपले नसतात. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असतो, बहुतेक वेळा सगळ्यांत ज्युनिअरच्या, आणि तो रात्रीच्या ड्युटीनंतर डुलक्या काढत असतो.

यात शिकवणाऱ्याचीही पंचाईत आहे. उघड्या ऑपरेशनमध्ये माझा हात विद्यार्थ्याच्या हातावर ठेवता येतो. धागा जास्त ओढतोय असं दिसलं की मी त्याचं बोट दाबतो, तो सैल सोडतो. एक शब्द बोलायला लागत नाही. दुर्बिणीत आम्ही दोघं एकाच पडद्याकडे बघतो, पण दांडा एकाच्याच हातात. मी फक्त बोलू शकतो. "वर. नाही, तुझं वर नाही, पडद्यावरचं वर." किंवा मग अवजार काढून घेऊ शकतो. मधलं काही नाही.

पहिल्या तेरांत कोणाचा नंबर

जर्मनीत बोब्लिंगेन गावी एरिश म्यूहे यांनी १९८५ च्या सप्टेंबरमध्ये दुर्बिणीसारख्या नळीतून पहिलं पित्ताशय काढलं. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑंला फिलिप मुरे यांनी केलं. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतातलं पहिलं केलं. पोटात दुर्बीण घालून नुसतं निदान करण्याचं काम ते १९७२ पासूनच करत होते. म्हणजे पाच वर्षांत एक ऑपरेशन जगभर गेलं. सर्जरीच्या इतिहासात इतक्या घाईने फारच थोड्या गोष्टी पसरल्या असतील. कारण उघड आहे: पेशंटच मागत होते. आजही ओपीडीत मावशी पहिलं वाक्य हेच बोलतात, "डॉक्टर, दुर्बिणीतूनच करा हं."

पण शिकवायची काही सोय नव्हती. वीस-वीस वर्षं उघडी पित्ताशयं काढलेले सर्जन शनिवार-रविवारच्या कोर्सला जात, डुकरावर एक-दोन ऑपरेशनं करत आणि सोमवारी पेशंटवर सुरू होत. याची किंमत आकड्यांत दिसली. अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लबने १९९१ मध्ये १,५१८ ऑपरेशनांचा हिशोब छापला. मुख्य पित्तनलिकेला, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीला, इजा होण्याचं प्रमाण प्रत्येक गटाच्या पहिल्या तेरा पेशंटांत २.२ टक्के होतं आणि त्यानंतरच्या पेशंटांत ०.१ टक्का. पुढे १९९५ मध्ये ५५ सर्जनांच्या ८,८३९ ऑपरेशनांचं विश्लेषण आलं. त्यात पित्तनलिकेच्या इजांपैकी ९० टक्के त्या-त्या सर्जनच्या पहिल्या तीस केसेसमध्ये झालेल्या. पहिल्या केसला धोका १.७ टक्के, पन्नासाव्या केसला ०.१७.

दहापट फरक. वर्गात हा आलेख मी नेहमी उलटा वाचायला सांगतो: सर्जनच्या बाजूने नको, पेशंटच्या बाजूने वाचा. पहिल्या तेरांत नंबर लागलेल्या बाईला कोणी विचारलं होतं का? पित्तनलिका कापली गेली की पुढे आतडं जोडून नवा मार्ग करणं, वारंवार ताप, कावीळ, काहींच्या बाबतीत यकृत निकामी होण्यापर्यंत मजल. तेही पित्तखड्यांसाठी आलेल्या, एरवी ठणठणीत असलेल्या माणसाला. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने १९९२ मध्ये सांगितलं, की किमान पंधरा ऑपरेशनं देखरेखीखाली केल्याशिवाय सर्जनला स्वतंत्रपणे करू देऊ नये. चांगलं पाऊल होतं. पण ती पंधराही पोटं माणसांचीच.

येलच्या प्रयोगामागचा प्रश्न हा होता: शिकण्याचा हा चढ पेशंटच्या पोटाबाहेर चढून येता येतो का?

येलमध्ये नेमकं काय केलं

प्रमुख संशोधक नील सीमोर हे सर्जन. सोबत रिचर्ड सटावा, अमेरिकन लष्करातले सर्जन, आभासी वास्तवाचं शस्त्रक्रियेतलं भविष्य नव्वदीच्या सुरुवातीपासून सांगत आलेले. आणि अँथनी गॅलाघर, बेलफास्टचे प्रायोगिक मानसशास्त्रज्ञ. माझ्या मते या प्रयोगाचा कणा तिसरा माणूस आहे. सर्जन मंडळींना एकमेकांचा हात 'चांगला' किंवा 'जड' म्हणायची सवय असते. जड म्हणजे काय, हे मोजायला कोणी सांगितलं तर आम्ही चिडतो. मानसशास्त्रज्ञाला मोजल्याशिवाय बोलताच येत नाही.

पहिल्या ते चौथ्या वर्षाचे सोळा रेसिडेंट घेतले. आधी सगळ्यांची मूळ क्षमता तपासली: डोळा-हाताचा मेळ, जागेची आणि अंतराची जाण वगैरे. दोन्ही गटांत फरक नव्हता. चिठ्ठ्यांच्या पद्धतीने आठ जण यंत्राकडे, आठ जण नेहमीच्या शिक्षणावर.

यंत्राच्या गटाला तासांचा कोटा दिलाच नाही. अनुभवी सर्जनांनी आधी तोच गोळा-ठोकळ्यांचा खेळ खेळून दाखवला होता. त्यांचे आकडे हीच पासाची रेघ. रेसिडेंटने त्या रेघेपर्यंत दोन्ही हातांनी सारखंच, आणि लागोपाठ दोन फेऱ्यांत पोचायचं. एकदा जमलं हे चालणार नाही. एकदा कोणालाही जमतं. पोचला की सुटला, मग त्याला थोडे दिवस लागोत की जास्त.

नंतर प्रत्येकाने एका पेशंटचं पित्ताशय काढायला हात लावला. समोर वरिष्ठ सर्जन, पण हा मुलगा यंत्रावरून आलाय की नाही हे त्यांना माहीत नाही. ऑपरेशनच्या चित्रफिती दोन परीक्षकांनी वेगवेगळ्या बसून पाहिल्या; त्यांनाही कोण कोण आहे ते ठाऊक नाही. मिनिटामिनिटाला खूण करायची: या मिनिटात आठ ठरलेल्या चुकांपैकी कोणती दिसली? काम पुढेच सरकत नाही. पित्ताशय फुटलं. यकृताला लागलं. चुकीच्या थरात शिरला. नको त्या ठिकाणी जाळलं. ऊतक फाटलं. अवजार नजरेबाहेर गेलं. वरिष्ठांना अवजार हातात घ्यावं लागलं.

ही यादी हळू वाचा. यात 'आत्मविश्वास कमी वाटला', 'हात थरथरत होता' असलं काही नाही. प्रत्येक गोष्ट पडद्यावर दिसते किंवा दिसत नाही. दोन्ही परीक्षकांचे निकाल ०.८० हून जास्त (१ म्हणजे पूर्ण) जुळले, ते याच कारणाने. आमच्या प्रॅक्टिकल परीक्षेत दोन परीक्षकांचे गुण इतके जुळले तर मी पेढे वाटीन.

निकाल सांगतो. यंत्रावरून आलेल्यांच्या दर केसला सरासरी १.१९ चुका, न आलेल्यांच्या ७.३८. सराव न केलेले जागच्या जागी अडकून पडण्याची शक्यता नऊपट. पित्ताशय फोडण्याची किंवा नको तिथे जाळण्याची पाचपट. वेळेतही सरावाचा गट २९ टक्क्यांनी पुढे होता. वेळेचं मला स्वतःला फार कौतुक नाही. भरभर हात चालवणारे सर्जन मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांनी निस्तरायला ठेवलेलंही.

नऊपटीचा आकडा मात्र मला हलवतो. 'काम पुढे सरकत नाही' ही चूक रक्तरंजित नसते, म्हणून ती कोणी लिहून ठेवत नाही. पण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभं राहिलेल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. मुलगा हुक (कॉटरीचं आकड्यासारखं टोक) पुढे नेतो, मागे घेतो, पुन्हा पुढे नेतो. थोडं जाळतो, धूर होतो, कॅमेरा पुसायला बाहेर काढतात. पुन्हा तेच. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतात. मुलाचं सगळं डोकं 'टोक कुठे आहे' यातच खर्च होतंय. 'थर कोणता' याला डोक्यात जागाच उरलेली नाही. यंत्राने केलं ते एवढंच: टोक कुठे आहे हा प्रश्न बोटांकडे सोपवला. डोकं मोकळं झालं. त्यासाठी पडद्यावर पित्ताशय असण्याची गरज नव्हती. गोळा पुरला.

म्हणून 'मशीन कितीला मिळतं' हा प्रश्न मला चुकीच्या दारावर टकटक वाटतो. सोळा जणांच्या या प्रयोगातून मशीन काढून घ्या आणि त्याजागी भोकं पाडलेला, आत कॅमेरा लावलेला सरावाचा साधा खोका ठेवा, पण पासाची रेघ तशीच ठेवा, तर बराचसा फायदा हाती राहील असा माझा अंदाज आहे. रेघ काढून घेतली आणि मशीन ठेवलं, तर उरतो तो दोन दिवसांचा वर्कशॉप: फीत कापणं, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. अशा एका वर्कशॉपला मी स्वतः शिकाऊ म्हणून गेलो होतो. एकोणीस जणांत दोन सिम्युलेटर. माझ्या वाट्याला बावीस मिनिटं आली, आणि प्रमाणपत्रावर 'प्रशिक्षण पूर्ण' असं ठसठशीत छापलेलं होतं. ते फ्रेम करून घरी लावलंय; आई हटवू देत नाही.

जे तपासलंच नाही

आता प्रकरणाची दुसरी बाजू. ती येलच्या मंडळींनी लपवलेली नाही, पण पुढे त्यांचा हवाला देणारे हटकून गाळतात.

पित्ताशयाच्या ऑपरेशनचे ढोबळ दोन भाग. आधी मानेपाशी, ज्याला आम्ही कॅलोचा त्रिकोण म्हणतो तिथे, पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी मोकळी करायची, क्लिपा लावायच्या, कापायची. मग यकृताच्या अंगाला चिकटलेलं पित्ताशय हुकने खरवडत सोडवायचं. येलमध्ये मोजला तो फक्त दुसरा भाग. पहिला नाही.

आणि माणसं उद्ध्वस्त होतात ती पहिल्या भागात.

२००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी पित्तनलिकेच्या २५२ इजांचं शवविच्छेदन केल्यासारखं विश्लेषण छापलं. हाताच्या कौशल्यातला दोष फक्त ३ टक्के प्रकरणांत सापडला. ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण होतं दृष्टिभ्रम. सर्जनने मुख्य पित्तनलिका बघितली आणि त्याला ती पित्ताशयाची नळी 'दिसली'. मग त्याने ती सफाईने, सुंदर, रक्ताचा थेंब न सांडता कापली. हात उत्तम होता. बहुतेकांना ऑपरेशन चालू असताना शंकाही आली नाही.

हा आकडा येलच्या आकड्याशेजारी ठेवला की बोच लागते. एकीकडे चुका सहापट कमी. दुसरीकडे सगळ्यांत भयंकर चूक या आठांच्या यादीत जवळजवळ नाहीच, कारण ती हाताची चूकच नव्हे. म्हणून येलचा प्रयोग फोल का? अजिबात नाही. अडखळणारा हात डोळ्यालाही आंधळं करतो. ज्याचं लक्ष टोकात अडकलंय त्याला नळी कोणती हे काय दिसणार? पण हात सुटला की डोळा आपोआप उघडतो, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. मला तर उलटी भीतीही वाटते. सराईत हात चुकीच्या नळीपर्यंत लवकर पोचतो.

डोळ्यासाठीचा उपाय यंत्रांच्या बाजाराबाहेरून आला. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये तीन अटी सांगितल्या: त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून पूर्ण साफ करा, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटा करा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, दोनच. तिन्ही पटल्याशिवाय काही कापायचं नाही. पटत नसेल तर थांबा, दुसऱ्याला बोलवा, अर्धं पित्ताशय ठेवून या, पोट उघडा. यात कौशल्य लागतं ते थांबण्याचं. ते मोजणारं यंत्र मी तरी पाहिलेलं नाही.

नंतर

येलचा गट लहान, केस प्रत्येकी एक. त्यामुळे दुसऱ्यांनी करून बघणं आवश्यक होतं, आणि केलंही. २००७ मध्ये स्वीडनमध्ये तेरा रेसिडेंटांच्या पहिल्या दहा-दहा पित्ताशयांचा पाठपुरावा झाला: सराव न केलेल्यांच्या चुका तिप्पट, वेळ ५८ टक्के जास्त. डेन्मार्कमध्ये स्त्रीरोग विभागाच्या चोवीस शिकाऊ डॉक्टरांवर झालेला प्रयोग २००९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. गर्भनलिका काढण्याच्या पहिल्याच ऑपरेशनला सरावाच्या गटाचा हात वीस ते पन्नास केसेस केलेल्या डॉक्टरसारखा चालला, दुसऱ्या गटाचा पाचपेक्षा कमी केलेल्यासारखा. वेळ १२ मिनिटं विरुद्ध २४. यातही सरावाची अट तीच होती, ठरलेल्या पातळीपर्यंत.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. जुलै २००३ पासून अमेरिकेत रेसिडेंटांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, म्हणजे ओटीत उभं राहून शिकायचा वेळ घटला. सराव बाहेर न्यावाच लागला. २००४ मध्ये तिथल्या एंडोस्कोपिक सर्जनांच्या संघटनेने एफएलएस हा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या मूलभूत कौशल्यांचा अभ्यासक्रम बाजारात आणला. त्याचं मूळ कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्राइड यांच्या गटाने बनवलेला साधा खोका. पाच कामं: खुंट्यांवरच्या वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात हवेत देऊन हलवायच्या, कापडातलं वर्तुळ कापायचं, फास टाकायचा, आणि दोन तऱ्हांच्या गाठी. २००९-१० पासून रेसिडेन्सी संपवणाऱ्या सर्जनला तिथे हे पास झाल्याशिवाय बोर्डाच्या परीक्षेला बसता येणार नाही, असा नियम झाला. संगणक नाही, आभासी वास्तव नाही. खोका, कॅमेरा, घड्याळ आणि रेघ. खुंट्यांच्या कामाची सरावासाठी प्रसिद्ध झालेली रेघ आहे ४८ सेकंद, आतल्या आत मारायच्या गाठीची ११२.

आमची वही

आमच्या कॉलेजात महागडा सिम्युलेटर आला होता. उद्घाटन झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. मग त्याच्यावर निळं प्लास्टिकचं कव्हर चढलं. किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअर पाच वाजता बंद, आणि रेसिडेंटला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतर. सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं ते तर आम्हाला आठ महिन्यांनी कळलं.

मग एका थर्ड इयरच्या मुलाने भाजीचा प्लास्टिक क्रेट उलटा घातला, वर बूटविक्रेत्याकडून आणलेलं रबर ताणून बसवलं, दोन भोकं पाडली, आत एलईडीची पट्टी आणि वेबकॅम चिकटवला, आणि वॉर्डातला टाकाऊ मॉनिटर जोडला. अवजारं ओटीतली बाद झालेली: एक मेरिलँड (वाकड्या टोकाचा चिमटा) जिचं तोंड नीट मिटत नाही, एक ग्रास्पर (पकडायचा चिमटा). हा खोका रेसिडेंटांच्या ड्युटी रूममध्ये असतो, फ्रिजवर. त्याला कुलूप नाही. खुंट्या म्हणून खिळे, वस्तू म्हणून सलाइनच्या बाटलीची रबरी बुचं. वर्तुळ कापायला जुन्या ग्लोव्हचा तुकडा. यकृतावरून पित्ताशय सोडवण्याच्या जागी कोंबडीच्या तंगडीची साल, मांस न फाडता. शाकाहारी मुलं मोसंबीचं पातळ पापुद्र्याचं कवच सोलतात. ही मोसंबी नंतर खाता येत नाही, हे मेसच्या मामांना सांगून ठेवलंय.

खोक्याशेजारी दोरीने बांधलेली वही. तारीख, नाव, सेकंद, किती बुचं पडली. लागोपाठ दोनदा ४८ सेकंदांच्या आत आणि बूच बाहेर न पडता, त्यानंतर ओटीत हुक हातात. नाही तर कॅमेरा धरायचा. सुरुवातीला कुरकुर झाली. एक लेक्चरर म्हणाले, "आम्ही काय बुचं उचलून सर्जन झालो का?" त्यांना म्हटलं, सर, एकदा करून दाखवा, तुमचा आकडा वहीत लावतो, मुलांना हुरूप येईल. एकशे सत्तावीस सेकंद, तीन बुचं जमिनीवर. दुसऱ्या दिवशी वहीत रात्री दीडला त्यांच्या अक्षरात पाच ओळी होत्या.

वहीने हाताचं काम केलं. यकृतावरून पित्ताशय सोडवायला मुलं आता घुटमळत नाहीत. पण वे यांचा तो ९७ टक्क्यांचा आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. मागच्या पावसाळ्यात एका सेकंड इयरच्या मुलीने, वहीत सगळ्यांत चांगले आकडे जिचे, क्लिप लावायला हात पुढे केला आणि थांबली. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. मला तरी. ती म्हणाली, "सर, ही नळी पित्ताशयापाशी संपायला हवी ना? ही पलीकडे जातेय." मी कॅमेरा फिरवायला सांगितला, मागची बाजू बघितली, अजून वीस मिनिटं चरबी सोडवत बसलो. ती बरोबर होती. नळी आखूड होती, आणि आम्ही क्लिप लावणार होतो ती जागा मुख्य नलिकेच्या फार जवळ.

तेव्हापासून वहीत दुसरा रकाना आहे. दर केसला क्लिप लावण्याआधी पडदा थांबवायचा, समोरून एक आणि मागून एक असे दोन फोटो काढायचे, आणि स्ट्रासबर्गच्या तीन अटींना प्रत्येकी हो किंवा नाही लिहायचं. ज्याने ऑपरेशन केलं नाही अशा माणसाने.

परवा त्या लेक्चरर सरांनी विचारलं, या रकान्याची पासाची रेघ काय ठेवायची? पहिल्या रकान्यात ४८ आहे, इथे किती? मला अजून आकडा सुचलेला नाही. तोवर तिथे दोन सह्या लागतात, आणि दुसरी सही मिळेपर्यंत क्लिप ट्रॉलीवरच राहते.